सांडपाण्यातून प्रथिने : सूक्ष्मशैवालांचे कार्य आणि कोलकात्याच्या भेऱ्या

पाणी घाण होते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. परंतु त्याचे उत्तर रसायनशास्त्राच्या आधारे शोधू लागलो की अनेक रूढ समजुती बाजूला ठेवाव्या लागतात. शहरातील घरगुती सांडपाण्याच्या १,००० भागांपैकी सुमारे ९९९ भाग निव्वळ पाणी असते. उरलेल्या एका भागात अन्नाचे अवशेष, मलमूत्र, साबण, क्षार आणि असंख्य सूक्ष्मजीव असतात. या एका भागामुळे ते पाणी नदीचा प्राण घेऊ शकते. आणि याच एका भागात शेतातील पिकाला लागणारे नत्र व स्फुरदही असते. म्हणजे ज्याला आपण घाण म्हणतो त्यातील बराचसा अंश हा चुकीच्या जागी पोहोचलेले खत आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार भारताच्या शहरी भागात दररोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते आणि त्यापैकी सुमारे २०,२३६ दशलक्ष लिटर पाण्यावरच प्रत्यक्ष प्रक्रिया होते. उरलेले पाणी ओढे, नाले, नद्या आणि तलाव यांत जाते. तेथे जिवाणू त्यातील सेंद्रिय पदार्थ कुजवू लागतात. या कामासाठी त्यांना प्राणवायू लागतो आणि तो ते पाण्यातूनच घेतात. पाण्यातील प्राणवायू संपला की मासे मरतात आणि पाण्याला दुर्गंधी सुटते. नत्र व स्फुरद मात्र नष्ट होत नाहीत. त्यांच्यावर पोसलेली जलपर्णी आपल्या अनेक नद्यांच्या पात्रांवर हिरव्या गालिच्यासारखी पसरलेली आपण दरवर्षी पाहतो. ते दृश्य डोळ्यांना सुखावत असले, तरी ते नदीच्या आजाराचे लक्षण आहे.

या समस्येवर एक उपाय निसर्गातच आहे. तो म्हणजे सूक्ष्मशैवाल.

शैवाल पाणी कसे शुद्ध करते?

सूक्ष्मशैवाल म्हणजे साध्या डोळ्यांना सुटे न दिसणारे, बहुधा एका पेशीचे, हरितद्रव्य असलेले जीव. क्लोरेला या परिचित शैवालाची पेशी एका मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढीच असते. उन्हात ठेवलेल्या साचलेल्या पाण्याला काही दिवसांत जो हिरवा रंग चढतो, तो अशा कोट्यवधी पेशींचा असतो. मूळ, खोड, पान यांपैकी त्यांना काहीही नसते. त्यामुळे मिळालेले सर्व अन्न नव्या पेशी घडविण्यासाठी खर्च होते. अनुकूल स्थितीत त्यांची संख्या एका दिवसात दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होऊ शकते.

सांडपाण्याच्या उथळ तळ्यात जिवाणू आणि शैवाल यांच्यात देवाणघेवाण चालते. जिवाणू सेंद्रिय पदार्थांचे विघटन करतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड, अमोनिया व फॉस्फेट मोकळे होतात. शैवाल हे तिन्ही पदार्थ शोषून घेते आणि सूर्यप्रकाशाच्या बळावर आपली पेशी घडविते. त्या क्रियेत प्राणवायू बाहेर पडतो. एक किलो शैवाल तयार होताना सुमारे दीड किलो. हा प्राणवायू जिवाणूंच्या उपयोगी पडतो. आधुनिक शुद्धीकरण केंद्रांत हेच काम विजेवर चालणारी यंत्रे पाण्यात हवा सोडून करतात, आणि केंद्राच्या एकूण विजेचा फार मोठा वाटा त्यातच खर्च होतो. शैवालाच्या तळ्यात ते काम सूर्य करतो.

याखेरीज आणखी एक लाभ असतो. भर उन्हात शैवाल पाण्यातील कार्बन डायऑक्साइड झपाट्याने वापरते, तेव्हा पाण्याचा अल्कधर्मीपणा वाढतो. अल्कधर्मी पाणी, भरपूर प्राणवायू आणि सूर्याचे अतिनील किरण यांच्या एकत्रित प्रभावाने रोगकारक जिवाणू मोठ्या प्रमाणात मरतात.

एका माणसाचा हिशेब

शैवाल पाण्यातून नत्र काढून घेते, त्याचे पुढे काय होते? ते प्रथिनांत बांधले जाते. क्लोरेला व सेनेडेस्मस यांसारख्या शैवालांच्या कोरड्या वजनाचा साधारण निम्मा भाग प्रथिनांचा असतो. स्पिरुलिनामध्ये हे प्रमाण ६० टक्क्यांच्याही पुढे जाते. सोयाबीनच्या दाण्यात ते ४० टक्क्यांच्या आसपास असते, ही गोष्ट तुलनेसाठी लक्षात ठेवावी.

आता एक साधे गणित करून पाहू. प्रथिनांच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग नत्राचा असतो. एखादी प्रौढ व्यक्ती दिवसाला ६० ग्रॅम प्रथिने खात असेल, तर तिच्या शरीरात सुमारे साडेनऊ ग्रॅम नत्र जाते. वाढ पूर्ण झालेले निरोगी शरीर नत्राचा साठा करीत नाही. जेवढे आत येते, जवळजवळ तेवढेच मलमूत्रावाटे बाहेर पडते. ते सर्व शैवालाने घेतले असे मानले, तर त्यातून पुन्हा ६० ग्रॅम प्रथिने, म्हणजे सुमारे १२० ग्रॅम कोरडे शैवाल तयार होईल. हा अर्थात कागदावरील कमाल हिशेब झाला. प्रत्यक्षात काही नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत उडून जाते, तर काही गाळात राहते. तरीही आपण नळावाटे रोज किती मोठी संपत्ती वाहून जाऊ देतो, हे त्यावरून कळते.

याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. उष्ण प्रदेशातील चांगल्या रीतीने सांभाळलेल्या तळ्यात एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण १० ते २० ग्रॅम कोरडे शैवाल मिळते. त्यामुळे १२० ग्रॅमसाठी माणशी ६ ते १२ चौरस मीटर तळे हवे. ४०० विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला या दराने सुमारे २४ ते ४८ गुंठे जागा लागेल, आणि १०,००० वस्तीच्या गावाला ६ ते १२ हेक्टर. वीज वाचते, पण जमीन लागते. सूर्यप्रकाश फुकट असला तरी तो पसरून पडतो. तो गोळा करण्यासाठी तळेही पसरटच असावे लागते.

प्रयोगशाळेतून तळ्यापर्यंत

शैवाल खाण्याची कल्पना नवी नाही. मेक्सिकोतील अझ्टेक लोक टेक्सकोको सरोवरातील स्पिरुलिना गोळा करून, वाळवून खात असत. स्पॅनिश विजेत्यांच्या काळातील वृत्तान्तांत तिचा उल्लेख आहे. आफ्रिकेतील चाड सरोवराच्या परिसरातील स्त्रिया आजही ती गाळून, उन्हात वाळवून तिच्या वड्या करतात. त्यांना तेथे ‘दिहे’ असे नाव आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याच्या हिरवेपणातही याच कुळातील सूक्ष्मजीवाचा मोठा वाटा आहे. शास्त्रीय काटेकोरपणे पाहता स्पिरुलिना हा प्रकाशसंश्लेषण करणारा जिवाणू आहे. पण व्यवहारात त्याला नीलहरित शैवाल म्हणतात.

क्लोरेलाची शुद्ध वाढ डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी १८९० मध्ये प्रयोगशाळेत प्रथम मिळविली. परंतु शैवाल आणि सांडपाणी यांची सांगड घालण्याचे श्रेय मुख्यतः अमेरिकेतील विल्यम ऑस्वाल्ड यांच्याकडे जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील केंद्रात १९५० च्या दशकात त्यांनी व त्यांचे सहकारी हॅरॉल्ड गोटास यांनी उथळ, वाहत्या तळ्याची रचना विकसित केली. शर्यतीच्या मैदानासारखा लांबट गोलाकार मार्ग, सुमारे ३० ते ५० सेंटिमीटर खोली आणि पाणी मंद गतीने फिरवीत ठेवणारे वल्ह्यांचे चाक, असे तिचे स्वरूप होते. खोली कमी ठेवण्याचे कारण सरळ आहे. हिरव्या पाण्यात प्रकाश फार खोल जात नाही. खोल तळ्यातील खालच्या पेशी अंधारातच राहतात. अशा तळ्यात सांडपाणी काही दिवस फिरले की त्यातील सेंद्रिय भार आणि नत्र मोठ्या प्रमाणात कमी होते.

परंतु येथे एक अडचण उभी राहिली, आणि ती आजही पूर्णपणे सुटलेली नाही. पाणी हिरवे गर्द दिसत असले तरी एका लिटरमध्ये कोरडे शैवाल अर्ध्या ग्रॅमच्याही आतच असते. ते अत्यंत बारीक कण पाण्याबाहेर काढायचे कसे? साध्या कापडातून ते निसटतात. वेगाने फिरणाऱ्या यंत्राने वेगळे करता येतात, पण त्यास वीज फार लागते. तुरटीसारख्या द्रव्याने त्यांचा साका खाली बसविता येतो, पण मग ते द्रव्य खाद्यात उतरते. पुढे पेशी वाळवाव्याही लागतात. ज्या विजेची बचत तळ्याने केली, ती काढणी व वाळवणी यांतच संपण्याची भीती असते.

आपल्या देशातही या दिशेने काम झाले. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात भारत-जर्मन सहकार्याने शैवालाची लागवड, वाळवणी आणि पोषणमूल्य यांचा अभ्यास सुरू झाला. सेनेडेस्मसच्या पेशीचे कवच टणक असते. ते नुसते उन्हात वाळविले तर नीट पचत नाही, आणि तापलेल्या पिंपावर पातळ थर देऊन वाळविले तर कवच फुटून प्रथिने पचनास मोकळी होतात, हे तेथील महत्त्वाचे निरीक्षण. कोंबड्यांच्या खाद्यात नेहमीच्या प्रथिनयुक्त घटकांऐवजी ५ ते १० टक्क्यांपर्यंत शैवाल चालते, असे निरनिराळ्या देशांतील प्रयोगांतून दिसले आहे. अशा कोंबड्यांच्या अंड्यांतील बलक अधिक गडद पिवळा होतो.

मात्र, काढणीचा जो प्रश्न अभियंत्यांना छळत होता, त्याचे एक उत्तर बंगालमधील मच्छीमारांनी त्याच्याही आधी शोधून ठेवले होते.

कोलकात्याच्या भेऱ्या

कोलकाता शहर हुगळी नदीच्या काठी वसलेले असले तरी त्याच्या जमिनीचा उतार पूर्वेकडे, नदीपासून दूर जातो. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी राजवटीने भूमिगत गटारे बांधली, तेव्हा शहराचे सांडपाणी पूर्वेकडील खाऱ्या दलदलीकडे वळविण्यात आले. तेथील विद्याधरी नदी गाळाने भरत गेली आणि १९२८ मध्ये ती मृत झाल्याचे घोषित झाले. भरतीचे खारे पाणी येईनासे झाले, आणि खाऱ्या पाण्यातील मासेमारीवर जगणाऱ्यांपुढे उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. त्याच सुमारास, १९३० च्या आगेमागे, काही मत्स्यपालकांनी शहराचे सांडपाणी आपल्या तळ्यांत घेऊन त्यात गोड्या पाण्यातील मासे वाढविण्याचा यशस्वी प्रयोग केला. या तळ्यांना बंगालीत ‘भेरी’ म्हणतात.

भेरीचे काम ठरावीक क्रमाने चालते. हिवाळ्यात तळे उपसून तळ उन्हाने तापू देतात, गाळ काढतात, बांध दुरुस्त करतात. नंतर सांडपाणी आत घेतात आणि काही काळ तसेच राहू देतात. उथळ पाण्यावर उष्ण कटिबंधातील ऊन पडते आणि पाणी हिरवे होते. पाणी योग्य झाले याची खात्री पटल्यावरच मत्स्यबीज सोडतात. त्यानंतर सांडपाणी थोडे थोडे, बेताने दिले जाते. बांधाच्या कडेने जलपर्णी बांबूच्या आधाराने राखतात. ती लाटांपासून बांधाचे रक्षण करते आणि पाण्यातील काही धातूही शोषून घेते. जी वनस्पती नदीत उपद्रवकारक ठरते, तीच येथे मर्यादेत ठेवून कामाला लावली आहे.

आता काढणीचा प्रश्न पाहा. चंदेरा मासा आपल्या कल्ल्यांच्या चाळणीतून शैवाल गाळून खातो. कटला पृष्ठभागाजवळील सूक्ष्म प्राणी खातो, आणि ते प्राणी शैवालावर जगतात. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळ तळाशी साचलेले सेंद्रिय अवशेष वेचतो. अर्ध्या ग्रॅमचा तो बारीक साका गोळा करण्यासाठी यंत्राला जी वीज लागली असती, ती येथे लागत नाही. माशाने तो गोळा केला आणि जाळ्यात मावेल अशा रूपात आणून दिला. सांडपाण्यातील नत्र अशा रीतीने प्रथिन होऊन त्याच शहराच्या बाजारात परत जाते. या मार्गात काही प्रथिने कमी होतात हे खरे. कारण मासा खाल्लेल्यातील काही भागच आपल्या शरीरात साठवितो. पण काढणी व वाळवणी यांचा खर्च वाचतो.

हे काम वाटते तितके सोपे नाही. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, तर शैवाल, जिवाणू व मासे या सर्वांचे श्वसन चालूच राहते. म्हणून पहाटे पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. आदल्या दिवशी सांडपाणी थोडे जास्त दिले गेले असेल, तर पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि कधी एका रात्रीत सगळे उत्पन्न हातचे जाते. पाण्याचा रंग, वास आणि माशांची हालचाल यांवरून सांडपाणी किती व केव्हा द्यायचे, हे भेरीवरील कामगार ठरवितात. त्यांच्यातील पुष्कळ कुटुंबे अनुसूचित जातींतील आहेत. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हाताने शिकले गेले. ग्रंथात ते फार उशिरा आले.

ते ग्रंथात आणण्याचे काम ध्रुवज्योती घोष (१९४७–२०१८) या अभियंत्याने केले. शहराच्या सांडपाण्याचे पुढे काय होते याचा शोध घेण्याचे काम १९८० च्या दशकाच्या आरंभी राज्य शासनात नोकरीस असताना त्यांच्याकडे आले. कालव्याच्या मागाने जाताना त्यांना हा सारा परिसर एक जिवंत शुद्धीकरण केंद्र असल्याचे आढळले. पुढे इमारतींसाठी भेऱ्या बुजविण्याचा रेटा वाढला, तेव्हा कलकत्ता उच्च न्यायालयाने १९९२ मध्ये या भूमीचा वापर बदलण्यास मनाई केली. २००२ मध्ये सुमारे १२,५०० हेक्टरच्या या प्रदेशाची आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ भूमींच्या रामसर यादीत नोंद झाली आणि २००६ मध्ये पश्चिम बंगालने तिच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. येथून दरवर्षी सुमारे १०,००० टनांहून अधिक मासे मिळतात. तरीही संकट टळलेले नाही. शहर कडेने पुढे सरकत आहे, कालवे गाळाने भरत आहेत, आणि ज्या शहरात सांडपाण्याची कमतरता नाही त्याच्याच भेऱ्यांना पुरेसे सांडपाणी पोहोचत नाही.

सावधगिरीच्या अटी

या पद्धतीचे गुणगान करताना तिच्या मर्यादा झाकून ठेवणे विज्ञानाला धरून होणार नाही. पहिली अट ही की, घरगुती सांडपाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी एकत्र होता कामा नये. नत्र व स्फुरद शैवालाचे अन्न आहे. शिसे, पारा, क्रोमियम ही नाहीत. शैवाल जड धातूही शोषून घेते, आणि तेच शैवाल पुढे मासा, कोंबडी किंवा जनावर यांच्या पोटात जाते. कोलकात्यात चामडे कमावण्याच्या कारखान्यांमुळे क्रोमियमचा प्रश्न उभा राहिला होता. हे कारखाने शहरातून हलविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला.

दुसरी अट रोगजंतूंची. सांडपाणी तळ्यात पुरेसे दिवस थांबल्याखेरीज त्यावरील उत्पादन वापरू नये, मासे स्वच्छ पाण्यात काही काळ ठेवावेत आणि नीट शिजवून खावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये सांडपाण्यावरील मत्स्यपालनासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. तिसरी अट शैवालाच्या जातीची. मायक्रोसिस्टिससारखी काही नीलहरित शैवाले यकृतास घातक विष तयार करतात; म्हणून ‘हिरवे ते सर्व चांगले’ असे मानून चालणार नाही. बाजारात मिळणारी स्पिरुलिना स्वच्छ पाण्यात, क्षार घालून वाढवितात. सांडपाण्यावरील शैवालाला मासे व पशुपक्ष्यांच्या खाद्याचा किंवा शेतीच्या खताचा मार्गच योग्य, आणि तोही तपासणीनंतर.

चौथी अट माणसांची. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेला बंदी करणारा आणि संरक्षक साधनांवाचून कोणालाही गटारात उतरविण्यास मनाई करणारा कायदा आपल्या देशात २०१३ मध्ये झाला. तरीही गटारात गुदमरून मेलेल्या कामगारांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. सांडपाण्यातून संपत्ती निर्माण करण्याची योजना आखताना त्या पाण्याशी रोजचा संबंध येणाऱ्या माणसाला बूट, हातमोजे, नियमित आरोग्य तपासणी आणि उत्पन्नातील न्याय्य वाटा मिळाला पाहिजे. नाहीतर पाणी शुद्ध होईल आणि व्यवस्था तशीच मलिन राहील.

वर्गातील एक प्रयोग

हे सारे समजण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या दोन बरण्यांत विहिरीचे किंवा तळ्याचे पाणी घ्यावे आणि दोन्हींत डाळ-तांदळाचे धुवण सारख्या प्रमाणात, अगदी थोडे घालावे. एक बरणी उजेडात खिडकीशी आणि दुसरी अंधाऱ्या कपाटात ठेवावी. दोन्हींची तोंडे विरळ कापडाने बांधावीत. पंधरा दिवस रोज ठरावीक वेळी रंग, वास आणि बुडबुडे यांची नोंद वहीत करावी. पाणी तोंडात जाऊ देऊ नये आणि हात साबणाने धुवावेत. दोन बरण्यांतील फरक का पडला, याचे उत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या नोंदींतूनच शोधावे.

इतिहासाचा अभ्यासक या नात्याने एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. शुद्धीकरणाच्या इतिहासात बर्कलेच्या तळ्यांची नोंद संशोधकांच्या नावांसह आहे, आणि ती योग्यच आहे. भेरीच्या पाण्याचा रंग ओळखून निर्णय घेणाऱ्या हजारो माणसांची नावे मात्र कोठेही नाहीत. ज्या समाजात घाणीला हात लावणाऱ्याला घाणेरडे ठरविले गेले, तेथे त्या हातांजवळ विज्ञान असू शकते हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. घाण हा कोणत्याही माणसाचा गुणधर्म नाही. ती पदार्थाची एक अवस्था आहे, आणि ती बदलता येते. हे हिरवे तळे रोज उन्हात तेच सिद्ध करीत असते. या विद्यालयातून रसायनशास्त्र, जीवशास्त्र, अभियांत्रिकी किंवा कायदा यांचा अभ्यास करण्यासाठी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनी आपल्या गावच्या नाल्याकडे या नजरेने पाहावे. त्यात काय वाहते, ते कोठून येते, कोठे जाते आणि त्याचा भार कोण वाहते, हे चार प्रश्न विचारावेत. नाल्याचे पुढे काय करायचे, याचा विचार त्या उत्तरांनंतरच करता येईल.